मावसाजींचं मॅचिंग

फुकट मिळालेली गोष्ट पचवायची ताकद परमेश्वराने ज्याला मुळीच दिली नाही, असा अखंड भारतवर्षातला एकमेव इसम म्हणजे माझ्या बायकोचे मावसाजी, तिच्या मावशीचे यजमान. फुकट नको म्हणणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण ती सरळ नको म्हणतात आणि विषय संपतो. मावसाजींचं तसं नव्हतं. त्यांना प्रत्येक गोष्ट हवी असे, फक्त निम्मी. उरलेली निम्मी ते पदरची घालत. चहाला बोलावलं तर सदऱ्याच्या खिशातून साखरेची पुडी घेऊन येत. "चहा तुमचा, साखर माझी," असं म्हणून पुडी सोडत आणि मग समाधानाने टेकून बसत. माझ्या बायकोने एकदा साखर घातलेलाच चहा त्यांच्यापुढे ठेवला. मावसाजींनी तो चाखला, क्षणभर विचार केला, आणि आपल्या हिश्श्याची साखरही त्यात घालून तो पाक शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. लग्नाच्या पंगतीत ते घरचा ठेचा डबीतून नेत. न्हाव्याकडे गेले की एका गालाला साबण स्वतः लावत आणि दुसरा गाल त्याच्या स्वाधीन करत. न्हाव्याला हे इतकं अंगवळणी पडलं होतं की तो मावसाजींच्या हाती ब्रश देऊन तेवढ्यात बिडी ओढून येई.

माझी बदली रायपूरला झाली तेव्हा माझ्याकडे एक जुनी स्कूटर होती. मावसाजी मागे बसले की वळणाचे हात तेच दाखवत. "गाडी तुमी हाका जावईबापू, हात मी दाखवतो. निम्मं तुमचं, निम्मं माझं." जावई म्हणजे विष्णूचा अवतार वगैरे समजुती त्यांना मान्य होत्या, पण विष्णूनेही निम्मं काम करावं असं त्यांचं मत होतं. एकदा जयस्तंभ चौकात मला उजवीकडे वळायचं होतं आणि मावसाजींना डावीकडच्या पानठेल्यावर एक जुने सहकारी दिसले. त्यांनी हौसेने डावा हात उंचावला. मागून येणारा रिक्षावाला त्या हातावर विसंबून उजवीकडून पुढे घुसला आणि आम्ही तिघं एकमेकांच्या अंगावर आलो. रिक्षावाला तोंड सोडणार तोच मावसाजी कपडे झटकत म्हणाले, "निम्मी गलती मेरी, भैया. निम्मी तेरी." निम्मी तर सोडाच, रतीभर चूक कबूल करणारा माणूस त्या चौकात त्याला आजवर भेटला नसावा. तो इतका गोंधळला की त्याने आपली निम्मी मुकाट्याने पदरात घेतली आणि निघून गेला.

ही सवय त्यांना रेल्वेच्या पार्सल ऑफिसात लागली असं ते सांगत. उभी नोकरी त्यांनी तिथेच काढली. "एकट्यानं उचललं त कंबर जाते, दोघांनी उचललं त पार्सल जाते," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. निवृत्तीनंतर तात्यापाऱ्यातल्या एका भांड्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत ते आणि मावशी राहत. खाली दिवसभर पितळ वाजायचं आणि वर मावसाजी. या निम्मेपणाला फक्त एक जागा अपवाद होती, ती म्हणजे स्वयंपाकघर. तिथला उंबरठा त्यांनी पाणी प्यायलासुद्धा कधी ओलांडला नव्हता. बसल्या जागी पाणी येई, चहा येई, ताट येई, आणि त्यात आपला हिस्सा काय हा प्रश्न गावभर सगळ्यांना छळणाऱ्या या माणसाला घरात कधी पडला नाही. मावशी फार कमी बोलत, पण एकदा पोळ्या लाटता लाटता माझ्या बायकोला म्हणाल्या होत्या, "यायचा निम्मा हिस्सा साऱ्या गावात फिरते बाई, चुलीपाशी आला का सरते."

छत्तीसगढचं नवं राज्य निघालं, रायपूर त्याची राजधानी झालं आणि शहरात पाट्यांचं पीक आलं. काल जिथे बारशाच्या पंगती उठत होत्या तिथे आज संचालनालय बसलेलं असे. एका ऑफिसचा पत्ता विचारत माणूस निघाला की तो पोचेपर्यंत ऑफिस दुसरीकडे गेलेलं असे. मावसाजींना या थाटाचं कौतुक यथातथाच होतं. "राजधानी झाली म्हणून नळाले पाणी जास्त येऊन राहिलं काय?" असं ते विचारत. पण याच धामधुमीत कुठल्याशा विभागाने म्हाताऱ्या माणसांसाठी एक योजना काढली. साठी उलटलेल्यांनी सकाळच्या वेळी मोठ्या सरकारी दवाखान्यात बसायचं आणि खेड्यापाड्यांतून आलेल्यांना पर्ची, म्हणजे केसपेपर, कुठे काढायची, रक्त कुठे द्यायचं, कोणता डॉक्टर कोणत्या खोलीत बसतो, ते सांगायचं; लागलं तर हाताला धरून तिथवर पोचवायचं. टेबल-खुर्च्या, जाण्यायेण्याची सोय आणि छातीवर लावायला बिल्ला, सगळं सरकारचं. मावसाजींनी आपल्या भजनी मंडळातली म्हातारी माणसं गोळा केली आणि ओघानेच ते अध्यक्ष झाले.

त्या बिल्ल्यावर त्यांचा इतका जीव जडला की काही विचारू नका. गोल, पिवळा, पत्र्याचा बिल्ला होता, त्यावर 'वरिष्ठ सेवक' आणि खाली बारीक अक्षरात 'अध्यक्ष'. दवाखान्यात तर ते तो लावतच, पण भाजी आणायला, लग्नाला आणि न्हाव्याकडेही लावून जात. घरी सदरा काढला की बिल्ला बनियनवर येई. पण एवढं मिळूनही मावसाजी मनातून बेचैन होते. टेबल सरकारचा, खुर्च्या सरकारच्या, गाडी सरकारची. "सारंच त्यायचं असन त मग आपण कशाले आहो?" असं ते मला दोन-तीनदा म्हणाले. फुकटचं अन्न अंगावर यावं तशी ती योजना त्यांच्या अंगावर आली होती.

मावशी त्या टेबलावर आल्या त्या निव्वळ खोगीरभरती म्हणून. बायकांशी बोलायला कोणी बाईमाणूस नव्हतं आणि मावसाजींच्या पार्सली भाषेत एक नग कमी पडत होता. पहिल्या दिवशी त्या पदर तोंडाशी धरून खुर्चीच्या कडेवर बसल्या. थोड्या वेळाने गरियाबंदकडची एक बाई कडेवर पोर घेऊन खांबापाशी रडत उभी राहिली. मावसाजींनी तिला आपल्या खास हिंदीत काय झालं ते विचारलं. ती आणखीच रडायला लागली. मग मावशी उठल्या, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "कहां ले आय हस, बहिनी?" कुठून आलीस बाई, एवढंच. उभा जन्म भाजीवाल्या आणि कामवाल्या बायकांशी बोलत गेल्यामुळे त्यांना छत्तीसगढी येत होती, हे आमच्यापैकी कोणाच्या ध्यानातही नव्हतं. त्या बाईने त्यांचा हात धरला तो दुपारपर्यंत सोडला नाही. महिन्याभरात लोक दवाखान्याच्या फाटकाशीच 'मराठिन दाई', म्हणजे मराठी आई, कुठे बसते म्हणून विचारू लागले.

मावशींच्या चालण्यात फरक पडला. सकाळी त्यांना कुठेतरी पोचायची घाई असे. एकदा आमच्याकडे आल्या तेव्हा माझ्या बायकोला म्हणाल्या, "आजवर साऱ्यांनी मले यायची बायको म्हणून ओळखलं. तिथं मले कोणी विचारत नाही का तू कोणाची." हे सांगताना त्या इतक्या मोकळ्या हसल्या की मला एकदम बरं वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं.

अशात परिपत्रक आलं. पुढच्या वर्षीपासून स्थानिक लोक जेवढा हिस्सा जमवतील तेवढाच सरकार घालेल. दिवाळीपर्यंत हिस्सा जमला नाही तर टेबल बंद. हिंदीत 'अंशदान' असा सुरेख शब्द असताना त्या कागदात 'मैचिंग' लिहिलं होतं, आणि पुढे जे झालं ते सगळं या एका शब्दाने केलं. हिस्सा रोख द्या नाहीतर वस्तूत द्या. वस्तू योजनेच्या उपयोगाची पाहिजे. दुसऱ्या सरकारी खात्यातून आणून इथे दाखवायची नाही. मावसाजींना झालेला आनंद मी वर्णन करू शकत नाही. आपण जन्मभर जे सांगत आलो ते सरकारने शेवटी मानलं, अशा थाटात ते माझ्याकडे आले. "सरकारले आता अक्कल आली, जावईबापू. निम्मं त्यायचं, निम्मं आपलं. चला, आताच जाऊन भेटू."

विभागाचे साहेब म्हणजे बिलासपूरकडचा एक तरुण, गरीब स्वभावाचा मुलगा होता. मावसाजींनी त्याला सांगितलं की आपला हिस्सा तर केव्हाचा तयार आहे. आम्ही एवढे जण रोज सकाळ देतो, तोच धरा. मुलगा ओशाळून म्हणाला, "बाबूजी, जो खुद सेवक है उसका समय नहीं जुड़ेगा. बाहर का आदमी कुछ करे तो वो जुड़ेगा." मावसाजींनी ते त्याच्याकडून दोनदा म्हणून घेतलं. मग माझ्याकडे वळून मराठीत विचारलं, "म्हणजे रस्त्यानं जाणाऱ्यानं टेबल पुसला त त्याची किंमत, अन् आमी सारी सकाळ देऊन राहिलो त त्याची काहीच नाही?" नियमाला काहीतरी कारण असणारच, असं म्हणून मी स्कूटर काढली. त्या दिवशी परत येताना स्कूटरवर त्यांनी एकही हात दाखवला नाही. स्वतःसाठी त्यांना वाईट वाटलं नव्हतं असं नाही. पण टेबल गेला तर मावशींची सकाळ जाणार होती, आणि जन्मात पहिल्यांदाच मावशींचं काही जाणार आहे हे त्यांना दिसत होतं.

मात्र हातपाय गाळून बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी भजनी मंडळाच्या फळ्यावर खडूने ठळक लिहिलं : 'सरकारी योजनेसाठी मॅचिंग पाहिजे. प्रत्येकाने यथाशक्ती घरून आणावे.' आता रायपुरात मॅचिंग म्हणजे काय हे गोलबाजारात एकदाही गेलेली कोणतीही बाई सांगेल. तिथे रांगेने 'मॅचिंग सेंटर' आहेत, साडीला जुळणारा ब्लाउजचा कपडा आणि फॉल मिळायची ती जागा. फळा वाचून तात्यापारा ते गुढियारीपर्यंतच्या समस्त मराठी बायकांनी एकच अर्थ काढला. सरकार म्हाताऱ्या सेविकांना साड्या देणार आहे आणि ब्लाउज आपण आणायचे आहेत. गुढियारीच्या एक काकू मुद्दाम मावसाजींना विचारायलाही आल्या, "भाऊ, पण रंग त सांगा. बिनरंगाचं मॅचिंग कसं आणाव?" मावसाजी दुसऱ्याच तंद्रीत होते. म्हणाले, "कोणताही रंग चालते. सरकार रंग पाहत नाही." काकूंना सरकारबद्दल फारसा आदर नव्हताच, तोही त्या दिवशी गेला.

रविवारी मंडळाच्या सतरंजीवर ब्लाउजपिसांचा ढीग पडला. हळदीकुंकवात, ओटीत, मुंजीत, बारशात मिळालेले आणि कोणीही कधीच न शिवलेले कपडे. आपल्याकडे ब्लाउजपीस शिवण्यासाठी नसतोच, तो पुढच्या घरी देण्यासाठी असतो. त्या ढिगात मावशींना आपला एक जांभळा तुकडा सापडला, कोपऱ्यावर हळदीचा डाग असलेला. कित्येक वर्षांपूर्वी त्यांनी तो कोणाच्या तरी ओटीत घातला होता आणि तो ओट्यांमागून ओट्या फिरून माहेरी परत आला होता. मावसाजी ढिगाकडे पाहत राहिले. मग त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं की मॅचिंग म्हणजे हिस्सा, निम्मा हिस्सा. काकू शांतपणे म्हणाल्या, "मग आमी काय वेगळं केलं? साडी सरकारची, ब्लाउज आपला. तुमीच त सांगत असता, निम्मं निम्मं." मावसाजींच्या आयुष्यात त्यांच्याच वाक्याने त्यांना चीत केल्याचा हा एकमेव प्रसंग.

साहेब आले. ढीग पाहून त्यांनी डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं की याचा योजनेला उपयोग काय. तेव्हा मागून मावशी म्हणाल्या की खेड्यातले लोक कागद हातात घेऊन हिंडतात, ते भिजतात, चुरगळतात, खुर्चीवर राहून जातात. गळ्यात अडकवायच्या पिशव्या शिवल्या तर? गुढियारीच्या एका शिंप्याने शिलाई फुकट करायचं कबूल केलं. तो साठीचा नव्हता आणि सेवकही नव्हता, त्यामुळे कापडाबरोबर त्याची मेहनतही हिश्श्यात धरता येत होती. साहेबांनी कागद उलटसुलट पाहिला आणि मान हलवली. आठवड्यात दवाखान्याच्या आवारात जांभळ्या, पोपटी, अबोली पिशव्या गळ्यात घालून माणसं हिंडू लागली. सगळा दवाखाना कुणाच्या तरी मंगळागौरीला आल्यासारखा दिसू लागला.

तरीही हिस्सा पुरा पडेना. दिवाळी तोंडावर आली. शेवटच्या बैठकीत साहेबांनी एक वाट सुचवली. सेवकांना रोज सकाळचा नाश्ता बाहेरच्या कोणी करून दिला तर तोही धरता येईल, आणि वर्षभर दिला तर हिस्सा पुरा होईल. एका दिवसाला सगळे तयार होते, पण वर्षभर रोज कोण करणार? मावशी आपल्या हातांकडे पाहत बसल्या होत्या. मग मावसाजी उभे राहिले आणि म्हणाले, "मी करीन."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. साहेब हळूच म्हणाले, "लेकिन बाबूजी, आप तो सेवक हैं. आपका नहीं जुड़ेगा."

मावसाजींनी छातीवरच्या बिल्ल्याला हात लावला. तो काढायची त्यांना सवयच नव्हती, त्यामुळे टाचणी जरा अडकली. मग बिल्ला टेबलावर ठेवून ते म्हणाले, "घ्या. आता मी बाहेरचा."

मावशी कधी चारचौघांत त्यांच्याशी बोलत नसत. त्या दिवशी बोलल्या. "तुमाले पोहे भिजवता येते काय?" मावसाजी म्हणाले, "नाही येत. निम्मं तू सांग, निम्मं मी करतो."

पहिल्या दिवशी त्यांनी पोहे धोतर धुवावं तसे धुतले आणि त्यांची पेज झाली. दुसऱ्या दिवशी पोहे सुटे झाले, पण मीठ नव्हतं. हळूहळू हात बसला. रोज सकाळी मावशी आपला बिल्ला लावून पुढे जात आणि हा माणूस पोह्यांचा डबा घेऊन मागून जाई. नियम म्हणजे नियम, म्हणून ते टेबलाजवळ बसतसुद्धा नसत. डबा देत आणि फाटकाशी उभे राहत. कोणी वाट विचारली तर त्यांना सगळी वाट पाठ असूनही सांगत नसत. "वो मराठिन दाई को पूछो. मैं बाहर का हूं," म्हणत आणि बोटाने मावशींची खुर्ची दाखवत. ते बोट दाखवताना त्यांच्या चेहऱ्यावर जो तोरा असे तो बिल्ला असतानाही मी पाहिला नव्हता. टेबल राहिला. साहेबांनी पोहे धरले.

आता ते साहेब बदलून गेले, टेबल नव्या इमारतीत गेला, दवाखान्याचा रंगही बदलला. मावशी अजून जमेल तशा सकाळी जातात. मावसाजी मात्र थकले आहेत आणि गोष्टी विसरायला लागले आहेत. मावशी परत आल्या की ते विचारतात, आज कोण कोण आलं होतं. निम्मं आता सांगते, निम्मं संध्याकाळी, असं मावशी म्हणतात. संध्याकाळपर्यंत मावसाजी पहिलं निम्मं विसरून गेलेले असतात, मग मावशी पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगतात.

गेल्या दिवाळीला दोघं आमच्याकडे आले होते. माझ्या बायकोने चहा पुढे ठेवला, बिनसाखरेचा, आमच्या घरी मावसाजींसाठी तो तसाच होतो. मावसाजींनी सदऱ्याचा खिसा चाचपला, मग दुसरा चाचपला. चेहरा कावराबावरा झाला, कप हातात तसाच राहिला. मावशींनी आपल्या कमरेची पुडी काढली आणि पदराआडून, आम्हाला दिसू नये अशी, त्यांच्या मुठीत ठेवली. मावसाजींनी मूठ उघडून पाहिली आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

"चहा तुमचा, जावईबापू," ते म्हणाले, "साखर माझी."

मी हो म्हणालो. त्यांचा हिस्सा हल्ली मावशी भरतात.